रविवारची मुले : मेक्सिकोतील विस्मृत पॉप गट आणि त्यांच्यावर हसणारा प्रेक्षक

१/ मेक्सिकन विनोदी चित्रपटांत आणि मालिकांत एक विषय पुनःपुन्हा डोके वर काढतो. एकेकाळी गाजलेला, आता चाळिशी-पन्नाशीला टेकलेला पॉप गट. केस विरळ झालेले, एकमेकांशी अबोला, देणी थकलेली. आणि याच देण्यांपायी तेच जुने चकचकीत पोशाख अंगावर चढवून पुन्हा रंगमंचावर उभे राहण्याची पाळी आलेली. अशी कथा पडद्यावर आली की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट पोट धरून हसतो. दुसरा म्हणतो, ‘यांची टिंगल कसली करता, हे आमचे बालपण आहे!’

मित्रहो, हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. त्याच्या मुळाशी मेक्सिकोच्या राजकीय इतिहासाचा एक तुकडा आहे. आजचा हा लांबलचक धागा त्याच तुकड्याविषयी.

२/ आरंभ एका मोटारशर्यतीपासून करावा लागतो. सप्टेंबर १९७१. मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला, वाये दे ब्रावो या तळ्याकाठच्या गावाजवळ आवांदारो नावाचे ठिकाण आहे. तिथे मोटारींची शर्यत योजलेली होती आणि सोबत, तोंडी लावण्यापुरते, काही रॉक गटांचे गायन. प्रत्यक्षात लोटलेल्या गर्दीने शर्यतच रद्द करावी लागली. ११ आणि १२ सप्टेंबरला त्या माळावर लाखाहून अधिक तरुण जमले, असे सावध अंदाजही सांगतात. मोठे अंदाज याच्या दुपटी-तिपटीचे आहेत. पाऊस, चिखल, अपुरे अन्न आणि रात्रभर संगीत.

३/ हा जमाव साधा नव्हता, कारण काळ साधा नव्हता. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला होता. १० जून १९७१ रोजी, म्हणजे आवांदारोच्या अवघे तीन महिने आधी, राजधानीत विद्यार्थ्यांच्या मोर्चावर सरकारपुरस्कृत टोळीने हल्ला चढवून अनेकांचे प्राण घेतले. राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेर्रिया यांच्या राजवटीला तरुणांचा कोणताही मोठा जमाव म्हणजे धोका वाटत होता. आवांदारोहून नभोवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना मंचावरून शिव्या ऐकू आल्या आणि प्रक्षेपण तोडण्यात आले. पुढच्या दिवसांत वृत्तपत्रांनी नग्नता, गांजा आणि अनाचार यांच्या वर्णनांनी रकाने भरले.

४/ गंमत अशी की, डाव्या विचारांच्या वर्तुळातही या तरुणांना फारसे कुणी वाली नव्हते. कार्लोस मोन्सिवाइस यांच्यासारख्या थोर निबंधकाराला त्या वेळी यात अमेरिकेची नक्कल आणि मनाची गुलामगिरी दिसली. पुढे त्यांनी आपले मत बरेच सौम्य केले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. रॉक संगीत नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले, मोठ्या कार्यक्रमांना परवाने मिळेनासे झाले आणि हे संगीत शहराच्या कडेच्या गोदामांत, पडक्या सभागृहांत जाऊन राहिले. त्या जागांना ‘ओयोस फोंकी’ म्हणत. ओयो म्हणजे बीळ. ही बिळे पुढे दशकभराहून अधिक काळ गरीब वस्त्यांतल्या पोरांनी जागती ठेवली.

५/ आता एक नाव लक्षात ठेवा : लुईस दे यानो मासेदो. आवांदारोच्या आयोजकांपैकी हा एक तरुण, दूरचित्रवाणीत काम करणारा. रॉकची दारे बंद झाली, पण दूरचित्रवाणीची उघडीच होती. या धाग्यात तो पुन्हा येणार आहे, दोनदा.

६/ ८ जानेवारी १९७३ रोजी दोन प्रतिस्पर्धी वाहिनीसमूहांच्या विलीनीकरणातून ‘तेलेविसा’ ही कंपनी अस्तित्वात आली. तिचे सर्वेसर्वा एमिलिओ आस्कार्रागा मिल्मो. लोक त्यांना ‘वाघ’ म्हणत, आणि ते स्वतःला सत्ताधारी पीआरआय पक्षाचा सैनिक म्हणवून घेत. हे म्हणताना त्यांना संकोच वाटत नसे, ही बाब त्या राजवटीविषयी बरेच सांगून जाते. १९९३ साली त्यांनी एका समारंभात उघडपणे असे विधान केले की, मेक्सिकोतील गरीब वर्ग पिचलेला आहे आणि पिचलेलाच राहणार आहे. त्याला त्याच्या दुःखातून घटकाभर बाहेर काढणे हे दूरचित्रवाणीचे कर्तव्य. मूळ शब्द याहून बरेच शिवराळ होते.

७/ या साम्राज्याचा रविवार राउल वेलास्को नावाच्या निवेदकाच्या हाती होता. ‘सिएम्प्रे एन दोमिंगो’, म्हणजे ‘नेहमीच रविवारी’, हा त्यांचा कार्यक्रम १९६९ च्या अखेरीस सुरू झाला आणि १९९८ पर्यंत चालला. कित्येक तासांचा कार्यक्रम. गायक घडवायचा तर वेलास्कोंच्या मंचावर, आणि विसरायला लावायचा तरी तिथेच. ऐंशीच्या दशकात तेलेविसाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता; सरकारी वाहिनी होती, पण तिच्याकडे फारसे कुणी पाहत नसे. कंपनीची मर्जी गेली की कलाकार पडद्यावरून नाहीसा होई. या अलिखित बहिष्काराला तिथे ‘वेतो’ म्हणत आणि प्रत्येक कलाकार त्याला भिऊन असे.

म्हणून ‘आमचे बालपण’ हा शब्द मेक्सिकन प्रेक्षक उच्चारतो तेव्हा तो शब्दशः घ्यायला हवा. कोट्यवधी घरांत एकाच वेळी, एकाच पडद्यावर, तेच गाणे लागलेले असे. इतके एकसारखे बालपण फार थोड्या देशांच्या वाट्याला आले असेल.

८/ याच सुमारास स्पॅनिशभाषक जगात लहान मुलांच्या गटांची लाट उसळली. पोर्तो रिकोत १९७७ मध्ये ‘मेनुदो’ निघाला. त्याचा नियम असा की, मुलगा सोळा वर्षांचा झाला की बाहेर, त्याच्या जागी नवा. १९८४ मध्ये या चक्रात शिरलेला एक मुलगा पुढे रिकी मार्टिन म्हणून जगाला ठाऊक झाला.

९/ आणि बार्सिलोनात १९७९ मध्ये ‘पार्चीस’. येथे आपल्या वाचकांनी जरा थांबावे. पार्चीस हा स्पेनमधला घरोघरी खेळला जाणारा पटावरचा खेळ, आणि त्याचे मूळ आहे आपली पचिशी! भारतातील पट युरोपात पोचला, त्याची स्पॅनिश आवृत्ती निघाली, नाव किंचित बदलले, सोंगट्यांचे रंग मात्र टिकले. त्या गटातील चार मुले लाल, निळा, पिवळा आणि हिरवा अशा चार सोंगट्यांच्या रंगांचे कपडे घालीत, आणि पाचवा मुलगा फासा होई. पचिशीच्या सोंगट्या मेक्सिकोच्या मैदानांत गाऊ-नाचू लागल्या आणि तिथली मुले अक्षरशः वेडी झाली.

या सोंगट्यांचे पुढे काय झाले ते २०१९ मध्ये आलेल्या एका माहितीपटात त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. अखंड दौरे, शाळेचा पत्ता नाही, आईबाप दूर, आणि कमावलेल्या पैशाचा मोठा भाग आपल्यापर्यंत पोचलाच नाही ही तक्रार. माहितीपट पाहताना सुरुवातीला हसू येते ते त्या पोशाखांचे. हळूहळू ते ओसरत जाते.

१०/ मेक्सिकोला आता स्वतःचा गट हवा होता. तो तेलेविसाने उभारला आणि ज्यांच्या हाती दिला त्यांत होते तेच लुईस दे यानो. ३० एप्रिल १९८२ रोजी, म्हणजे मेक्सिकोतील बालदिनी, वेलास्कोंच्या मंचावर सहा मुले उभी राहिली : आलिक्स, बेनी, दिएगो, मारियाना, पाउलिना आणि साशा. स्पॅनिश गायक मिगेल बोसे त्यांचा ‘धर्मपिता’ म्हणून सोबत. गटाचे नाव ‘तिंबिरिचे’. मेक्सिकोत तिंबिरिचे म्हणजे ठिपक्यांच्या जाळीत आळीपाळीने रेषा ओढून चौकोन पुरे करण्याचा खेळ. आपणही तो वहीच्या मागच्या पानांवर खेळलो आहोत. एक गट पचिशीचा, दुसरा ठिपक्यांचा. दोन्ही खेळ मुलांचे, दोन्ही पट मोठ्यांनी मांडलेले.

११/ तारीख पुन्हा पाहा. फेब्रुवारी १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांनी पेसोचे श्वानासारखे रक्षण करण्याची ग्वाही दिली आणि त्याच महिन्यात पेसो कोसळला. ऑगस्टमध्ये सुमारे ८० अब्ज डॉलरच्या परकीय कर्जाखाली दबलेल्या मेक्सिकोने हप्ते भरणे शक्य नसल्याचे जगाला कळवले. १ सप्टेंबरला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लॅटिन अमेरिकेच्या आर्थिक इतिहासात ज्याला ‘हरवलेले दशक’ म्हणतात त्याचा हा उंबरठा. तिंबिरिचेची पहिली गाणी या पडझडीच्या मधोमध वाजत होती. बापाच्या पगारातून घरभाडे निघेना, तरी रविवारी संध्याकाळी मुले पडद्यासमोर नाचत होती. त्या गाण्यांशी जडलेल्या मायेत हा भाग फार मोठा आहे, असे मला वाटते. बाहेरचा समीक्षक केवळ चाल आणि शब्द तपासतो आणि म्हणतो, यात एवढे काय आहे? गाण्यात फारसे काही नव्हतेच. घरात जे उरले नव्हते ते त्या अर्ध्या तासात होते.

१२/ १९८३ मध्ये एरिक रुबिन आला. १९८४ मध्ये दे यानो यांची बहीण हुलिस्सा हिने ‘ग्रीस’ या अमेरिकन संगीतिकेची ‘वासेलिना’ नावाची आवृत्ती या मुलांना घेऊन रंगमंचावर आणली. मग मुले मोठी होऊ लागली, एकेक जण बाहेर पडू लागला, नवे येऊ लागले. १९८६ मध्ये तालिया आली. तिच्या मालिका पुढे निम्म्या जगाने पाहिल्या. पाउलिना रुबिओची स्वतंत्र कीर्ती वेगळी. १९९४ मध्ये गट विसर्जित झाला तेव्हा पहिल्या सहांपैकी अखेरपर्यंत टिकलेला एकटा दिएगो शोएनिंग होता. बारा वर्षे एकाच जागी उभा राहिलेला हा माणूस मला या साऱ्या कथेतील सर्वांत हृद्य पात्र वाटतो, आणि विनोदी चित्रपटांत नेमके त्याच्यासारखेच पात्र हास्याचा विषय होते : जो कधी निघून गेलाच नाही तो.

१३/ नव्वदच्या दशकातील गट झटपट पाहू, कारण साचा तोच आहे. माग्नेतो, गारिबाल्दी, काबाह, मेर्कुरिओ, हीन्स, आणि हुलिस्साने लहान मुलांतून घडवलेली ‘ला ओंदा वासेलिना’, जी पुढे ‘ओव्ही ७’ झाली. दरम्यान रॉकही बिळांतून बाहेर आले होते. १९८९ मध्ये रॉड स्टुअर्टचा कार्यक्रम केरेतारोच्या क्रीडांगणात झाला, तेव्हा राज्यकर्त्यांना तरुणांच्या गर्दीची भीती उरली नव्हती. गर्दीला तिकीट लावता येते हे उमगल्यावर भीती बरीच कमी होते.

१४/ मग आले ‘रेबेल्दे’. अर्जेंटिनातील क्रिस मोरेना यांच्या ‘रेबेल्दे वे’ या २००२ च्या मालिकेवरून पेद्रो दामियान यांनी २००४ मध्ये मेक्सिकन मालिका काढली आणि तिच्यातला काल्पनिक गट ‘आरबीडी’ या नावाने खराखुरा झाला. त्याच मूळ कथेवरून त्याच वर्षी आपल्याकडे ‘रीमिक्स’ ही हिंदी मालिका सुरू झाली होती. मुंबईच्या श्रीमंत शाळेतली ती चार मुले ज्यांना आठवतात, त्यांनी मेक्सिकोतील आपल्या समवयस्कांशी नाते सांगायला हरकत नाही. आरबीडीचे वेड मात्र कितीतरी पुढे गेले. ४ फेब्रुवारी २००६ रोजी साओ पाउलोत त्यांच्या स्वाक्षऱ्या घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन तीन जण मृत्युमुखी पडले. २००८ मध्ये गट फुटला. २०२३ मध्ये तो पुन्हा एकत्र आला, ऑगस्टमध्ये एल पासो येथून निघालेला दौरा डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीत संपला, आणि चाळिशीकडे झुकलेले चाहते शालेय गणवेशाचे लाल कोट व टाय लावून आले.

१५/ हे चाहते स्वतःला हसतच ‘चावोरूको’ म्हणवतात. चावो म्हणजे पोरगा, रूको म्हणजे म्हातारा. वय झाले तरी पोरपण न सुटलेला. आता आपण विनोदाकडे येऊ. मेक्सिकन हास्याची नस ओळखायची असेल तर होर्हे पोर्तिया या तत्त्वचिंतकाचा १९६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला प्रबंध उपयोगी पडतो. विषय आहे ‘रेलाहो’. एखादी गंभीर गोष्ट समोर आली की चारचौघांनी मिळून गलका करून तिचे गांभीर्य टिकू न देणे, म्हणजे रेलाहो. तो एकट्याने होत नाही, त्याला साथीदार लागतात. पोर्तियाच्या मते यात वरवर मोकळेपणा दिसतो, पण त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. सगळे हसतात आणि सगळे जिथल्या तिथे राहतात.

१६/ विझलेल्या पॉप गटांवरचे बरेचसे विनोद या जातीचे आहेत. पोशाख हास्यास्पद, केशभूषा हास्यास्पद, नाच हास्यास्पद. अखेरीस पुनर्मीलनाचा कार्यक्रम, टाळ्या, अश्रू, संपले. बेतो गोमेस यांचा ‘वोलांदो बाहो’ (२०१४) पॉपचा नव्हे, उत्तरेकडील ग्रुपेरो संगीतातल्या एका जोडगोळीचा. कधीकाळी तुफान गाजलेली, मग दुरावलेली. तो चित्रपट त्या संगीताची आणि त्या काळच्या स्वस्त चित्रपटांची भरपूर चेष्टा करतो, तरी त्याला या गाण्यांविषयी तुच्छता नाही, आणि प्रेक्षकाला हा फरक चटकन कळतो. ‘आमचे बालपण’ म्हणून रागावणारा तट चेष्टेला रागावत नाही, तुच्छतेला रागावतो. वरच्या वर्गातला दिग्दर्शक खालच्या वर्गाच्या आवडीकडे बोट दाखवून हसतो आहे, असा वास आला की तिथला सामान्य प्रेक्षक उठून जातो. आस्कार्रागांचे ते १९९३ चे विधान ऐकलेल्या लोकांना असा वास ओळखता येतो.

१७/ याच वर्षी आलोन्सो रुईसपालासिओस यांचा ‘ग्वेरोस’ आला. कृष्णधवल, संथ, तिरकस विनोदाचा. काळ १९९९, राष्ट्रीय विद्यापीठातील दीर्घ संपाचा. तीन-चार तरुण राजधानीत भटकत आहेत एपिग्मेनिओ क्रूस या विस्मृत रॉक गायकाच्या शोधात, ज्याच्या गाण्याने म्हणे बॉब डिलनला रडू आले होते. हा गायक काल्पनिक, पण आवांदारोनंतर बिळांत नाहीशा झालेल्या अख्ख्या पिढीची सावली त्याच्यावर पडली आहे. मुले त्याची कॅसेट वारंवार ऐकतात. कानांना यंत्र लावताच चित्रपटाचा आवाज बंद होतो. पात्रांच्या चेहऱ्यांवरून गाणे ओघळत जाते. आपल्याला एक सूरही ऐकू येत नाही.

बर्लिनमध्ये पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार आणि मायदेशी आरिएल पारितोषिके मिळवूनही हा चित्रपट अनेकांना रुचला नाही. भिकारी जमवायचे, कृष्णधवल चित्रण करायचे आणि कला म्हणून मिरवायचे, ही मेक्सिकन चित्रपटांवरची टीका तर त्यातलेच एक पात्र करते! माझा कौल मात्र ‘ग्वेरोस’च्या बाजूने आहे. जुने गाणे आज ऐकवले की प्रेक्षक त्याचा निवाडा करायला बसतो. न ऐकवले तर त्याला आपल्या बालपणीचे कुठले तरी गाणे तिथे ठेवावे लागते.

१८/ दरम्यान स्मरणरंजनाचा धंदाच बदलला. २०१७ मध्ये ‘९०ज पॉप टूर’ सुरू झाला : एका तिकिटात नव्वदच्या दशकातील अनेक गट, प्रत्येकाची मोजकी गाणी, भरगच्च सभागृहे, वर्षानुवर्षे. त्याच्या सूत्रधारांत आरी बोरोवॉय, म्हणजे ओव्ही ७ मधला पूर्वीचा बालकलाकार. ज्या मुलाच्या नाचण्यावर कंपन्यांनी पैसा केला, तोच मोठेपणी गल्ल्यावर बसला. आपल्या वयावर, आपल्या पोशाखांवर हे कलाकार आता स्वतःच विनोद करतात, आणि प्रेक्षकही त्यात सामील होतो. अशा वेळी पडद्यावरच्या विनोदाची धार बोथट होणे स्वाभाविक आहे. ज्याने स्वतःचीच खिल्ली आधी उडवून ठेवली आहे त्याची आणखी काय उडवणार?

१९/ आता लुईस दे यानो यांचे नाव शेवटचे. मार्च २०२२ मध्ये साशा सोकोल यांनी जाहीरपणे सांगितले की, त्या १४ वर्षांच्या आणि दे यानो ३९ वर्षांचे असताना त्यांनी साशांशी संबंध सुरू केले, आणि ते काही वर्षे चालले. ३० एप्रिल १९८२ च्या मंचावरील सहा मुलांपैकी ही एक. साशांनी दिवाणी न्यायालयात दाद मागितली. न्यायालयांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिले, आणि २०२५ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. इतक्या वर्षांनी केलेला दावा मुदतबाह्य ठरत नाही, ही भूमिका त्या खटल्यात मान्य झाली. अल्पवयात अन्याय झालेल्या इतर स्त्रियांच्या दृष्टीने हा मुद्दा त्या एका खटल्याहून मोठा आहे.

२०/ तेव्हापासून त्या जुन्या रविवारांच्या चित्रफिती पाहणाऱ्यांची नजर बदलली आहे. पूर्वी ज्या मुलाखतींत निवेदक एखाद्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला प्रियकराविषयी विचारी आणि सभागृह खिदळे, त्या आज पाहवत नाहीत. विनोदी पटकथांतही एक जागा उघडी पडली. विझलेल्या गटाच्या कथेत बहुधा एक जुना व्यवस्थापक असतो : लबाड, पैसे खाणारा, तरी अखेरीस गोड वाटणारा, सगळ्यांना पुन्हा एकत्र आणणारा. तिशीतल्या प्रेक्षकांना हे पात्र आता गोड वाटेनासे झाले आहे. मुलांच्या केशभूषेवर हसायला त्यांची ना नाही. पण तो माणूस दारातून आत आला की ते आधी विचारतात, या मुलांची वये तेव्हा काय होती?

(धागा समाप्त. आवांदारो आणि त्यानंतरची बिळे यांवर स्वतंत्र धागा पुढे केव्हातरी.)